शेकाची दोन मिनिटं

छत्रपती संभाजीनगरातल्या आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून चालू आहे. जालना, बीड, परभणीकडची माणसं इथं शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला येतात. पण लिनॅक, म्हणजे शेक देणाऱ्या कणत्वरक यंत्रासमोर रोज पहिला नंबर लागतो तो प्लास्टिकच्या ठोकळ्याचा. त्यात मोजणीचं यंत्र बसवून फिजिसिस्ट बघतात, कालच्याइतकीच मात्रा आज निघतेय ना. भिंतीवरच्या लेझरच्या रेघा एका बिंदूत जुळल्या, की मग माणसांना हाक.

तंबाखू-गुटख्याची कृपा, बरेचजण तोंडाचे नाहीतर घशाचे. प्रत्येकाचा मास्क वेगळा. जाळीची प्लास्टिक शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, ती काही मिनिटांत कडक होते आणि रोज टेबलाला चापांनी अडकवली जाते. "काका, श्वास चालू ठेवा, फक्त हलू नका." टेक्निशियन रेघा जुळवतो, टेबल मिलिमीटरभर सरकवतो, बाहेर येतो. जाड काँक्रीटच्या खोलीत रुग्ण एकटा. बाहेर पडद्यावर त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष.

यंत्राच्या आत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, निर्वात नळीत सूक्ष्मलहरी त्यांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत पळवतात. ते टंगस्टनवर आदळले की क्ष-किरण निघतात. वाटेतल्या टंगस्टनच्याच पातळ पट्ट्या पुढेमागे सरकत त्या झोताला गाठीचा आकार देतात. शेकाच्या कोबाल्ट यंत्रातला स्रोत यंत्र बंद असतानाही किरण सोडतच असतो, आणि सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. इथं बटण बंद केलं की किरण संपले.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली अशा यंत्रावर पहिला रुग्ण घेतला गेला. आपल्याकडे मुंबईच्या 'समीर' संस्थेनं 'सिद्धार्थ' नावाचं देशी लिनॅक बनवलं; ते सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसलं. गांधीजींच्या गावात कणत्वरक, याचं मला अजून नवल वाटतं.

किरण चालतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाकी सगळा वेळ माणूस काल होता तिथंच आजही आहे ना, हे बघण्यात जातो. असे तीस-पस्तीस शेक, आठवड्याला पाच. मध्ये खाडे पडले तर गाठीच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. यंत्र एखादा दिवस बंद पडलं, तर डॉक्टर कधी कधी निदान सहा तासांच्या अंतरानं दिवसात दोन शेक देऊन तो भरून काढतात. गाडीभाडं नाही किंवा सोयाबीन काढायला आलंय म्हणून आठवडाभर घरी राहिलेल्याचा हिशेब मात्र असा जुळत नाही. म्हणून नोंदवहीत नावापुढे खाडा दिसला, की इथून आधी फोन जातो.