पहाटेचे पाणी, दुपारचे पाणी

मी मराठीचा प्राध्यापक; रसायनशास्त्राशी माझा संबंध चहात साखर विरघळवण्यापुरताच. तेवढ्या भांडवलावर मी एकदा स्टाफरूममध्ये ठोकून दिले, "पाणी तापले की दगडाला चिकटलेला धातू सुटून पाण्यात येणारच!"

आमचे रसायनाचे प्राध्यापक मिस्किल हसले. "लावता पैज? हरलात तर सर्वांना भजी."

भजी मलाच द्यावी लागली.

त्यांनी सांगितलेली हकीगत अमेरिकेतल्या माँटाना आणि आयडाहो या राज्यांतली. तिथल्या जुन्या खाणींतले धातू ओढ्यांत उतरतात. अशा १४ ओढ्यांचे पाणी काही संशोधकांनी दिवसा आणि रात्रीही तपासले. ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. विरघळलेले जस्त आणि कॅडमियम दुपारी सर्वांत कमी भरले, आणि सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने सर्वांत जास्त! काही ठिकाणी पहाटेचे जस्त दुपारच्या दुपटीहूनही कितीतरी अधिक होते.

असे का व्हावे? जस्ताच्या कणाभोवती पाण्याच्या रेणूंची शाल लपेटलेली असते. तळाच्या गोट्यांवरच्या गंजाच्या थराला चिकटायचे, तर ती थोडी उतरवावी लागते, आणि त्याला उष्णता लागते. दुपारी पाणी तापले की जस्त गोट्यांना बिलगते. रात्री पाणी गारठले की पुन्हा प्रवाहात येते. शिवाय दिवसा शेवाळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, आम्लता घटते, आणि चिकटणे आणखी सोपे होते. आर्सेनिकचे मात्र उलटे. त्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते पाण्यात दुपारनंतरच अधिक सापडते.

"असेल! पण त्याने बिघडले काय?" मी हरलेल्याच्या हट्टाने विचारले.

"अहो, नमुना घेणारा माणूस जेवणखाण आटोपून दुपारी ओढ्यावर जाणार, आणि 'जस्त बेताचेच' असे लिहून परतणार. मासे काय फक्त दुपारीच पाण्यात असतात? पहाटेचे जस्त त्यांच्याच कल्ल्यांना सोसावे लागते ना!"

मी गप्प झालो. गेल्याच वर्षी तोंडी परीक्षेत एका मुलीला मी पाच मिनिटांत 'ढ' ठरवले होते. ती रात्रपाळी करून थेट परीक्षेला आली होती, हे मला निकालानंतर कळले.

यंदापासून तोंडी परीक्षेच्या दिवशी मी प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारतो, "काल रात्री झोप झाली का?"