गळतें प्रवाळपात्र
घरीं प्रवाळ पाळण्याचा छंद मनोहर खरा. परंतु कांचपात्र गळूं लागल्यास जिवाशीं गांठ असते. वाफेनें पाणी घटल्यास मीठ मागें राहतें व गोडें पाणी घालून भागतें. गळतींत मात्र मीठहि जातें, तेथें गोडें पाणी ओतीत राहिल्यास प्रवाळ दगावतात. तळच्या सांध्यावर पांढरें मीठ साचलें कीं गळती ओळखावी. प्रथम प्रवाळ, मासे व खडक त्याच खाऱ्या पाण्यासह दुसऱ्या भांड्यांत हलवावे. तें पाणी खेळतें व सुमारें २५ अंश उष्ण राखावें. खडक सुकूं देऊं नयेत. पाणी निर्मळ राखणारे जंतु त्यांतच वसतात. जुन्या सिलिकोनवर नवें नीट चिकटत नाहीं. यास्तव आंतील सर्व सांधे खरवडून, कोरडे करून, बुरशीनाशक नसलेलें शुद्ध सिलिकोन भरावें. कांहीं दिवस सुकूं देऊन, साध्या पाण्यानें दिवसभर पारखूनच जिवांस स्वगृहीं आणावें.