सुवार्ता सांगण्याची रीत

‘मिशनरी’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे पुष्कळांच्या भुवया वर चढतात. बाजारात उभे राहून दुसऱ्याच्या देवादिकांची निंदा करणारा, दुष्काळात धान्याबरोबर धर्म देणारा, असे एक चित्र मनात उभे राहते. ते चित्र अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. तथापि ख्रिस्ती मनुष्याला आपली श्रद्धा इतरांस सांगावीशी का वाटते आणि ती कशी सांगावी असे त्याचाच धर्मग्रंथ म्हणतो, हे समजून घेतल्यावाचून त्या चित्राचा न्याय करणे बरे नव्हे.

मुळात ‘सुवार्ता’ म्हणजे चांगली बातमी. बातमी सांगणे आणि वाद जिंकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या घरी पत्र आले, मुलगा सुखरूप आहे असे कळले, तर आपण धावत जाऊन सांगतो. त्याच्याशी शास्त्रार्थ करीत बसत नाही. देव मनुष्यावर प्रेम करतो आणि ते प्रेम येशूच्या जीवनात व मरणात प्रकट झाले, एवढीच ती बातमी, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. ज्याला ती खरी वाटली त्याला गप्प बसवत नाही. प्रश्न उरतो तो सांगण्याच्या रीतीचा.

या रीतीचा उत्तम पाठ योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. भर दुपारी येशू थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्यातले पाणी घेत नसत. हा विटाळ आपल्याला काही नवा नाही. येशू तिला उपदेश करीत नाही, पाणी मागतो. देणारा म्हणून उभा न राहता तो प्रथम घेणारा होतो, आणि त्या एका मागण्याने दोघांमधली भिंत ढासळते. पुढे तिच्या संसाराची विस्कटलेली कहाणी निघते, पण तिला खाली मान घालावी लागेल असा शब्द तो काढीत नाही. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना काय सांगते? सिद्धान्त नव्हे, जे आपल्या बाबतीत घडले ते सांगते, आणि हाच तो ख्रिस्त असेल काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून मोकळी होते. उत्तर ज्याचे त्याने शोधायचे! शेवटी गावकरी तिला म्हणतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. सांगणाऱ्याने बाजूला व्हावे, ही गोष्ट तिथे आपोआप साधली आहे.

ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणे हा या रीतीचा दुसरा भाग. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि मराठीवर लुब्ध झाला. ओवीछंदातले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. जुनी पुराणे बंद झाल्यामुळे ज्यांचे कान उपाशी राहिले होते, त्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते होते. पण ती पुराणे बंद कोणी केली? राजसत्तेनेच ना? त्याच काळात गोव्यात देवळे पाडली गेली होती. गोड ओवी आणि कठोर हुकूम शेजारी शेजारी नांदले, हे विसरून स्टीफन्सचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही.

महाराष्ट्राला खरे जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणे निघाले ते काव्याचे. निरोप घेताना त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला आणि वाचा म्हणून सांगितले. टिळक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली. येशूला कोटपाटलोण न घालता तो मराठी माणसाच्या अंगणात आणून बसविला.

परंतु त्यांची खरी कसोटी घरात लागली. पत्नीची संमती नसता त्यांनी धर्म बदलला, आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. नवऱ्याचा हा निर्णय बायकोवर केवढा अन्याय करणारा होता, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या त्या आपला धर्म आणि सोवळे घेऊनच. टिळकांनी त्याच्या आड येऊ नये, हेच त्या वेळचे त्यांचे सर्वांत मोठे प्रवचन ठरले. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनात उभा राहिला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा निश्चय त्यांनी केला. आधी पाणी, मग धर्म! 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या विचाराने.

याउलट जिथे भाकरी हे आमिष होते तिथे श्रद्धेचे हसे होते. देणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही. भुकेल्याला अन्न द्यावे ते तो भुकेला आहे म्हणून. तो उद्या कोणत्या देवळात जाईल हा हिशेब त्यात आला की ते अन्न राहत नाही, विसार होतो. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला. या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. पण विहिरीवरच्या त्या स्त्रीला असा हक्क हवा तरी कुठे होता?

पेत्राच्या पहिल्या पत्रात तर स्पष्टच आहे की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यावयास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. म्हणजे आधी कोणी विचारावे असे आपले वागणे हवे. आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, वचन पाळणारा, शेजाऱ्याच्या सणात आनंदाने सामील होणारा मनुष्य पाहून एखादा विचारतो. मग आपली हकीकत थोडक्यात सांगावी, त्याची ऐकून घ्यावी आणि तो नाही म्हणाला तरी दुसऱ्या दिवशीचा चहा त्याच्याकडेच घ्यावा.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. 1919 साली ते वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.