दहा नंबर कुणाचा?

“सचिनचा नंबर कोणता?” असे आपल्या महाविद्यालयात कुणालाही विचारा. ज्याला क्रिकेटमधले काही कळत नाही तोही “दहा” असे सांगेल. परंतु हा आकडा सचिनचा झाला कसा, आणि एकदा त्याचा झाला म्हणजे तो दुसऱ्या कुणी पाठीवर घालूच नये काय, या प्रश्नाकडे आपण सहसा वळत नाही. २०१७ साली या प्रश्नाचा चटका पालघरच्या एका तरुणाला बसला. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

क्रिकेटमध्ये पाठीवर आकडा येऊन फार दिवस झालेले नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९५-९६ च्या हंगामात एकदिवसीय सामन्यांत ही पद्धत सुरू झाली, आणि १९९९ च्या विश्वचषकात सर्वच संघांच्या पाठीवर आकडे आले. कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांवर ते यायला तर २०१९ साल उजाडले. सचिनच्या पाठीवरही सदैव १० च होता असे नाही. ९९ आणि ३३ हेही आकडे काही काळ दिसले. पण ४६३ एकदिवसीय सामने, १८,४२६ धावा आणि ४९ शतके ज्याच्या नावावर आहेत त्याच्याशी १० हाच आकडा जडून राहिला. कुणी हुकूम काढून तो त्याला दिला नव्हता. लोकांनी तो त्याच्या नावाला जोडला. मार्च २०१२ मध्ये तो अखेरचा एकदिवसीय सामना खेळला. पुढे मुंबई इंडियन्सने आपल्या संघापुरता हा नंबर निवृत्त केल्याचे जाहीर केले. भारतीय संघाच्या बाबतीत मात्र तशी काही घोषणा झाली नाही.

आता शार्दुल ठाकूरकडे वळू. पालघर हे काही मुंबई नव्हे. पहाटे क्रिकेटचे सामान खांद्यावर टाकून लोकलने मुंबई गाठायची, हा त्याचा कितीतरी वर्षांचा क्रम होता. बोरिवलीच्या शाळेकडून खेळताना त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. (गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचे म्हणजे अख्खी रात्र मोडते. त्यापुढे पालघर जवळच म्हणायचे. पण रोजचे जाणे-येणे ही गोष्ट वेगळी.) ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला, तेव्हा त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता. भारताने त्या दिवशी ३७५ धावा केल्या आणि सामना १६८ धावांनी जिंकला. शार्दुलने ७ षटकांत २६ धावा देऊन एक बळी घेतला. पदार्पण म्हणून यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर पाठीवरच्या आकड्याची! लोक त्याच्यावर तुटून पडले. अंकशास्त्रावर विश्वास असल्याने आपण हा आकडा घेतला, असे त्याचे म्हणणे होते. त्याची जन्मतारीख १६-१०-१९९१. सर्व अंकांची बेरीज २८, आणि २ व ८ मिळून १०. मला स्वतःला या शास्त्रात काही तथ्य दिसत नाही. पण ज्याने कोणताही नियम मोडला नाही त्याला गुन्हेगार ठरवण्यात तरी कोणते तथ्य होते? पुढे त्याने ५४ हा नंबर घेतला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बातम्या आल्या, की मंडळाने १० नंबर अनौपचारिकपणे बाजूला ठेवला आहे.

हा “अनौपचारिकपणे” शब्दच मला खटकतो. याच बाबतीत अमेरिकेतील मोटार शर्यतींचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिकडे स्टॉक कार नावाची शर्यत असते. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या मोटारी गोलाकार धावपट्टीवर शेकडो मैल धावतात. दारांवर आणि टपावर भला मोठा आकडा रंगवलेला असतो, म्हणजे भरधाव गाडीही दुरून ओळखू यावी. १९४८ साली स्थापन झालेली नॅसकार ही संस्था या शर्यती भरवते, आणि तिचा नियम स्पष्ट आहे : आकडे संस्थेच्या मालकीचे, ती ते संघमालकाला वापरायला देते, चालकाला नव्हे. त्यामुळे २००८ साली धाकटा डेल अर्नहार्ट वडिलांनी स्थापलेला संघ सोडून गेला, तेव्हा ज्या ८ नंबरने तो ओळखला जाई तो आकडा मागेच राहिला. हा आकडा त्याच्या आजोबांनीही गाडीवर लावला होता. तरी त्याला ८८ घ्यावा लागला.

थोरल्या अर्नहार्टचा नंबर ३. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत अखेरच्या फेरीत त्याचा अपघाती मृत्यू झाला. संघमालक रिचर्ड चिल्ड्रेसने लगेच आकडा बदलला; तीच गाडी २९ नंबर लावून केव्हिन हार्विकच्या हाती दिली. प्रमुख मालिकेत ३ हा आकडा बारा-तेरा वर्षे कुणी पाहिला नाही. २०१४ साली चिल्ड्रेसनेच तो परत आणला आणि आपल्या नातवाच्या, ऑस्टिन डिलनच्या, गाडीवर रंगवला. काही चाहते नाराज झाले; पण चार वर्षांनी, २०१८ साली, त्याच ३ नंबरने डेटोना ५०० जिंकली.

फुटबॉलमध्ये याहून गमतीची गोष्ट घडली. मॅराडोनाच्या सन्मानार्थ अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकात १० नंबर रिकामा ठेवायचे ठरवले. जागतिक संघटनेने ते मानले नाही. १ ते २३ सर्व आकडे भरलेच पाहिजेत म्हणाली. मग तो ऑर्टेगाने घातला.

आमच्याकडे शंकरपटात बैलजोडी ओळखली जाते ती मालकाच्या आणि गावाच्या नावाने. तिथे हा तंटाच नाही. पण जिथे आकडा आहे तिथे तो कुणाच्या मालकीचा, हे आधी कळायला हवे. सचिनचा आकडा कुणी वापरू नये असे मंडळाला वाटत होते, तर २०१२ सालीच चार ओळींचे पत्रक काढून ते सांगता आले असते. माझे मत विचाराल तर चिल्ड्रेसची रीत मला अधिक पटते. काही वर्षे आकडा विसावू द्यावा, मग योग्य हाती सोपवावा. कपाटात ठेवलेला सदरा नव्या पोरांना कोण दाखवणार?

शार्दुलचे पुढे काय झाले ते सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले असताना तो फलंदाजीला आला. वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्याने १२३ धावांची भागीदारी केली. त्यात त्याच्या ६७. दोन्ही डावांत मिळून बळी सात. भारताने सामना जिंकला आणि मालिकाही. त्याच्या पाठीवर ५४ होता, आणि त्या दिवशी त्या आकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.