विक्रोळीच्या मतपेट्या, पहिली लोकसभा आणि यादीतलं आपलं नाव

निवडणूक आली की आपल्या घराघरांत चर्चा रंगते. पण मुळात संसद कशी सुरू झाली आणि तिथे मुस्लिम सदस्य काय बोलले, हे आपण मुलांना फारसं सांगत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली दोन सभागृहं पाठ झाली की धडा संपला! अनेक मुलांना वाटतं की १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा फडकला आणि लोकसभा भरली. तसं झालं नाही. मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत जे ठरलं त्यावरच आज आपल्या मताचा हक्क उभा आहे.

एकच सभा, दोन कामं

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत झाली. तिचे सदस्य जनतेने थेट निवडलेले नव्हते. प्रांतांच्या विधानसभांमधून ते निवडून आले होते. त्या विधानसभांसाठी मत देण्याचा हक्कही मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी पाहून मिळायचा. गरीब माणसाला, आणि त्याहून जास्त गरीब बाईला, तिथे जागाच नव्हती. शिवाय १९०९ च्या कायद्यापासून विभक्त मतदारसंघ होते, म्हणजे मुस्लिम जागांसाठी फक्त मुस्लिम मतदार मत देत.

स्वातंत्र्यानंतर याच सभेने संविधान लिहिलं आणि देशाचे कायदेही केले. संविधानाचं काम असेल तेव्हा डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्षस्थानी बसत. कायद्यांच्या कामासाठी १७ नोव्हेंबर १९४७ ला गणेश वासुदेव मावळंकर सभापती झाले. मावळंकर मराठी घराण्यातले, अहमदाबादचे वकील. मुंबई विधानसभा चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि निवडणूक होईपर्यंत हीच सभा हंगामी संसद म्हणून काम करत राहिली.

आपल्यातही दोन मतं होती

फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी, ऑगस्ट १९४७ मध्ये, मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी विभक्त मतदारसंघ कायम ठेवा अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. तेव्हा राखीव जागा तरी ठेवायचं ठरलं होतं, पण मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या त्या जागाही काढून टाकल्या गेल्या. मद्रासचे मोहम्मद इस्माईल विभक्त मतदारसंघांच्या मागणीवर ठाम राहिले. बेगम एजाज रसूल यांची बाजू नेमकी उलटी होती. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमच्या तोडतात, त्यात नुकसान आपलंच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मौलाना हसरत मोहानीही याच सभेत होते. एकटे पडले तरी उभं राहून विरोध नोंदवायला ते कचरले नाहीत.

कोण बरोबर होतं? पोकर साहेबांची भीती अगदीच निराधार नव्हती. मुस्लिम खासदारांची संख्या लोकसंख्येच्या मानाने तेव्हाही कमी होती, आजही कमीच आहे. पण पुढे काय झालं तेही पाहा. १९५२ मध्ये हेच पोकर साहेब मलप्पुरममधून सर्वसाधारण मतदारयादीवर निवडून आले आणि लोकसभेत बसले. आपली बाजू हरली म्हणून त्यांनी सभागृहाकडे पाठ फिरवली नाही. मौलाना आझाद रामपूरमधून निवडून आले.

पेटी, चिन्ह आणि नाव

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. आता अट एकच होती, वय २१ पूर्ण हवं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा, बस्स! यासाठी लाखो पोलादी पेट्या लागल्या. त्यातल्या कितीतरी आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

तेव्हा अंधेरी, घाटकोपर नुकतेच, १९५० मध्ये, महापालिकेत आले होते. बोरिवली आणि मुलुंड आले १९५७ मध्ये. मुंबई उपनगर मतदारसंघाने जयश्री रायजी या महिलेला लोकसभेत पाठवलं.

पण याच निवडणुकीत एक गोष्ट चटका लावणारी घडली. उत्तर आणि मध्य भारतात लाखो बायकांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद झाली. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढली गेली. हक्क संविधानाने दिला होता, पण यादीत नाव नाही म्हणून तो हातातून गेला.

सभागृह चालायचं कसं?

१३ मे १९५२ ला पहिली लोकसभा बसली. ४८९ जागांपैकी ३६४ काँग्रेसकडे, तरी सभापतिपदासाठी लढत झाली. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे राहिले आणि मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. डिसेंबर १९५४ मध्ये तर खुद्द सभापतींना हटवण्याचा ठराव आला. त्यावर चर्चा झाली, मग तो फेटाळला गेला. याच लोकसभेच्या काळात १९५४ चा वक्फ कायदा आणि १९५५ चा अजमेरचा दर्गा ख्वाजा साहेब कायदा झाला. पाच वर्षांत सभागृह ६७७ दिवस बसलं. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेच्या बैठका होत्या २७४. चर्चा किती आटली, हिशेब तुम्हीच करा.

आता आपलं काम

वाचकहो, विभक्त मतदारसंघ गेले, राखीव जागा गेल्या. आपल्या हातात राहिलं ते प्रत्येकाचं एक मत, आणि ते यादीतल्या नावावर अवलंबून आहे. आपल्या उपनगरांत चाळी पडतात, इमारती पुनर्विकासाला जातात, भाड्याचं घर बदलतं. निकाहनंतर मुलीचा पत्ता बदलतो. कुठे शेखचं शैख होतं, कुठे वडिलांचं नाव चुकतं. मतदानाच्या दिवशी तकरार करून काही होत नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येकाचं, खासकरून अम्मी, आपा आणि नव्या सुनेचं नाव आजच तपासा. नवीन नावासाठी फॉर्म ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८. तो ऑनलाइन भरता येतो किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतो. १८ वर्षं पूर्ण करणाऱ्यांसाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांची पहिली तारीख धरतात, त्यामुळे वर्षभर थांबायची गरज नाही. हे काम एका संध्याकाळी होण्यासारखं आहे. त्या २८ लाख बायकांसारखं आपल्या घरातलं एकही नाव गळता कामा नये.