झिजली तरी न पुसणारी नक्षी

रावेतच्या नव्या फ्लॅटमध्ये आपण बहुधा मोरबीची टाइल बसवतो. तिची नक्षी छापलेली असते. टवका उडाला की आतला वेगळाच रंग दिसतो.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये गेलात तर जरा खाली पाहा. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ साली खुलं झालं. भौमितिक नक्षीच्या फरशीची रचना इंग्रज वास्तुविशारद विल्यम बटरफिल्ड यांची. माल इंग्लंडहून आला.

त्या काळच्या अशा फरशीत दोन प्रकार असत. एक, आरपार एकाच रंगाचे चौकोन-त्रिकोण. दुसरा एन्कॉस्टिक, म्हणजे मातीत माती जडवलेली टाइल; तिची नक्षी मोरबीच्या टाइलसारखी वरवर छापलेली नसते. तीच करायला अवघड.

आधी प्लास्टरचा साचा. त्याच्या तळाशी नक्षी उठावाची असते. त्यात बारीक माती, मागे जाडीभरडी माती दाबली की टाइलवर नक्षीच्या जागी खळगे पडतात.

मग खळग्यांत दुसऱ्या रंगाच्या मातीचा दाट घोळ ओततात, थोडा जास्तच. घोळ आळला की वरचा थर खरवडायचा. नक्षी तेव्हा उघडी पडते.

पुढचं वाळवणं सावकाश, कारण घोटाळा इथेच होतो. दोन माती सारख्या आकसल्या नाहीत, तर भेगा पडतात किंवा जडवलेला तुकडा सुटून येतो. इंग्लंडमध्ये सॅम्युअल राइट यांनी १८३० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. कारखानदार हर्बर्ट मिंटन यांनी त्यात वाटा घेतला, तरी भरवशाचा माल निघायला काही वर्षं गेली. शेवटी भट्टी. लाल रंग मातीतल्या लोहाचा, निळा कोबाल्टचा.

बसवताना कोबा, म्हणजे खालचा थर, समतल हवा. दरजा इतक्या बारीक असतात की एक तुकडा तिरका गेला तर पुढची सगळी ओळ सरकते.

आपल्याकडे जुन्या घरात अशी फरशी असेल तर ॲसिड अजिबात नको. ते दरजांतला चुना खातं. पांढरा लोणा दिसला तर आधी ओल कुठून येते ते शोधा, घासणं नंतर. टाइल पोकळ वाजली तर तेवढीच उचलून चुन्यात बसवून घ्या. मिस्त्री वरून पॉलिश मारू म्हणेल, त्याला नको म्हणा.