सिकलसेलचा खुबा आणि छापील सांधा

पोंभुर्णा, मूल, चामोर्शी या पट्ट्यात पंचविशीतला पोरगा लंगडताना दिसला, तर आधी विचारावे: सिकलसेल तपासला का? या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकून कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला मुळातच मोजक्या वाहिन्यांतून रक्त मिळते. त्या बुजल्या की हाड आतून मरते, पुढे वजनाखाली गोळा चेपतो आणि सांधा बदलण्याची वेळ येते.

या मुलांचा खुबा बदलणे अवघड असते. हाडाची पोकळी पुष्कळदा अरुंद आणि जागोजागी टणक झालेली असते. तिच्यात कृत्रिम सांध्याची दांडी ठोकताना हाड फुटू शकते. इथे थ्रीडी प्रिंटिंग कामी येते. सीटी स्कॅनवरून रुग्णाचे हाड प्लास्टिकमध्ये छापले, की सर्जन ते हातात घेऊन आधीच माप ठरवू शकतो. या तंत्रातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण धातूच्या छपाईपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.

धातूचा भागही छापता येतो. टायटॅनियमच्या भुकटीचा केसाएवढा पातळ थर पसरायचा, लेसरने किंवा इलेक्ट्रॉन किरणाने हवा तेवढाच भाग वितळवायचा आणि त्यावर पुढचा थर द्यायचा. असे शेकडो थर चढले की खुब्याची वाटी, म्हणजे गोळा ज्यात फिरतो तो भाग, तयार होते. इटलीत २००७ साली अशी वाटी रुग्णाला बसवली गेली. तिची बाहेरची बाजू जाळीदार ठेवतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांत रुग्णाचे स्वतःचे हाड वाढून शिरते. भरीव टायटॅनियम हाडापेक्षा फार ताठ असते. सगळा भार तेच पेलू लागले तर शेजारचे हाड कामाविना विरळ होते; जाळीने हा ताठरपणा कमी होतो. फिरणारा गोळा मात्र टायटॅनियमचा करत नाहीत, कारण घर्षणाने ते झिजते. तो सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा असतो.

प्रिंटर गावात असण्याची गरज नाही. २०१८ मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलात अपघातग्रस्त चार वर्षांच्या मुलीची सुमारे ६० टक्के कवटी बदलली. मापे इथून गेली, कवटी अमेरिकेत घडली.

बहुतेक रुग्णांना तयार मापाचा सांधा पुरतो. वाटीचे हाडच खचले असेल, तर खास घडवलेला लागतो. तिथवर वेळ येऊच नये, म्हणून एसएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार असलेल्या मुलाने जांघ दुखते म्हटले, की नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. सुरुवातीला तो साफ दिसतो. एमआरआय करून घ्या.